बावीस वर्षं गाडी चालवली आणि सहाव्या मिनिटाला नापास

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात:

पत्र लिहिणाऱ्या बाई सेहेचाळीस वर्षांच्या, सिंहगड रोडच्या. नवऱ्याची चाकणहून जर्मनीत बदली झाली, म्हणून सव्वा वर्षापूर्वी घरातले तिघं श्टुटगार्टजवळच्या एका लहान गावात राहायला गेले. भारतीय लायसन्स तिथे पहिले सहा महिनेच चालतं. मग तिथलं लायसन्स काढण्यासाठी त्यांनी सगळं रीतसर केलं. लेखी परीक्षा आठ महिन्यांपूर्वी पहिल्याच प्रयत्नात पास. प्रत्यक्ष गाडी चालवायच्या परीक्षेत मात्र सहाव्या मिनिटाला नापास, त्याला आता तीन महिने झाले. नवऱ्याला पहिल्या फटक्यात मिळालं. बाई लिहितात: 'पुण्यात हा कंपनीच्या बसने जायचा, गाडी माझ्याच हातात. बावीस वर्षं मी उजव्या सीटवर बसले. आजही उजव्याच सीटवर बसते, फक्त समोर स्टिअरिंग नसतं.' शिकवणारा मुलगा सव्वीस वर्षांचा, तो सारखा 'खांद्यावरून बघा' म्हणून ओरडतो. पंचेचाळीस मिनिटांच्या एका तासाला साठ-सत्तर युरो जातात. एक मैत्रीण सांगते, डिसेंबरात पुण्याला जाशील तेव्हा इंटरनॅशनल परमिट काढून आण आणि चालव बिनधास्त, कोण बघतंय! सासूबाई व्हिडिओ कॉलवर म्हणतात, 'कशाला हवंय ते, तो आहे ना सोडायला.' प्रश्न असा: पुन्हा पैसे घालावेत, की नाद सोडावा? आणि मला खरंच गाडी चालवता येत नाही का?

---

नमस्कार.

पत्र दोनदा वाचलं. पहिल्या वेळी त्या उजव्या सीटच्या वाक्यावर हसले, दुसऱ्या वेळी त्याच वाक्यावर थांबले. तुम्ही विचारता लायसन्सबद्दल, पण पत्रभर पसरलाय तो अपमान. दोन्हींची उत्तरं वेगळी आहेत, म्हणून आधी ती सुटी करू.

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते. तुम्हाला गाडी उत्तम चालवता येते. गणपतीच्या दिवसांत दांडेकर पुलावरून गाडी काढणारी, कात्रजच्या जुन्या घाटात मागे टेम्पो चिकटलेला असताना चढावर गाडी थांबवून पुन्हा उचलणारी बाई गाडी चालवू शकत नाही असं कोण म्हणेल? तुमचे क्लच, ब्रेक, अंदाज, धीर, सगळं जागेवर आहे. नापास करणाऱ्या परीक्षकाने त्याबद्दल चकार शब्द काढलेला नाही. तुमच्याच पत्रात आहे बघा काय झालं ते: तीसच्या वेगाची वस्ती, तुम्ही रुंद रस्त्यावर, उजवीकडून एका अरुंद गल्लीतून गाडी आली. तुम्ही गेलात पुढे. शेजारी बसलेल्या त्या शिकवणाऱ्या मुलाने त्याच्या बाजूचा ब्रेक दाबला. संपली परीक्षा.

सदाशिव पेठेत तुमचंच बरोबर होतं. आपल्याकडे चौकात रस्ता कोणाचा, हे ठरतं ते ज्याचं पुढचं चाक आधी आत शिरलं त्याच्यावर, आणि रुंद रस्त्यावरच्याला आपला हक्क थोडा जास्त वाटतो. मान किंचित हलते, डोळ्याला डोळा भिडतो, एखादा हात वर होतो, आणि सात वाहनं एकमेकांना न लागता निघून जातात. ही एक भाषा आहे आणि ती तुम्हाला अस्खलित येते. मात्र तिथल्या पाटी नसलेल्या चौकात रुंद-अरुंद हा प्रश्नच नसतो. उजवीकडून येणाऱ्याचा हक्क पहिला, गल्ली कितीही बारीक असो. 'रेख्ट्स फोर लिंक्स', डाव्याच्या आधी उजवा. लेखी परीक्षेत तुम्ही त्याचं उत्तर बरोबर लिहिलंत. पण परीक्षेच्या दिवशी पायाला ते ठाऊक नव्हतं.

आणि गंमत ऐका. हा नियम काही जर्मनांनी आपल्याला छळायला काढलेला नाही. आपल्या १९८९ सालच्या रस्त्याच्या नियमांतही हेच होतं: मुख्य रस्ता म्हणून जाहीर केलेला नसेल अशा चौकात शिरताना आपल्या उजवीकडून येणाऱ्याला वाट द्यावी. आपण सगळे हे वाचून, किंवा न वाचताच, लायसन्स घेऊन बाहेर पडलो. पुढे नियम पाळायचा की नाही हे चौकात मामा उभा आहे की नाही त्यावर ठरायला लागलं. पुण्यात वाढलेल्या माणसाला सिग्नल दिसायच्या आधी झाडामागचा मामा दिसतो. हेही एक कौशल्यच आहे, पण श्टुटगार्टला त्याचे गुण मिळत नाहीत.

आता तुमच्या मिस्टरांकडे येऊ, कारण खरी ठसठस तिथे आहे. त्यांना पहिल्या फटक्यात मिळालं ते ते तुमच्यापेक्षा चांगले चालक आहेत म्हणून नव्हे. पंधरा वर्षं कंपनीच्या बसमध्ये डुलक्या घेत चाकणला गेलेल्या माणसाकडे विसरण्यासारखं फार नव्हतं, एवढंच. पाटी बरीचशी कोरी होती, तिच्यावर जर्मन अक्षरं पटकन उमटली. तुमची पाटी भरलेली आहे, पाठीपोट. गाणं शिकणाऱ्यांत नेहमी दिसतं हे. एका घराण्याची पक्की तालीम झालेला शागीर्द दुसऱ्या गुरूकडे गेला की नवशिक्यापेक्षा जास्त अडखळतो, कारण त्याचा गळा आधीच कुठेतरी वळलेला असतो. हे तुमच्या मिस्टरांना एकदा स्पष्ट सांगून टाका. त्यांनाही ते ठाऊक असेल, पण कबूल करायची संधी मिळालेली नसेल.

तो मुलगा 'खांद्यावरून बघा' म्हणून का ओरडतो, त्याचंही उत्तर ह्यातच आहे. आपल्याकडे मागचा हॉर्न देतो आणि पुढचा त्याच्यावर विसंबून असतो. हॉर्न वाजला नाही म्हणजे मागे कोणी नाही, असं आपल्या मानेने बावीस वर्षं गृहीत धरलंय. ट्रकच्या पाठीवर आपण तशी विनंतीच रंगवून ठेवतो. तिकडे गावात हॉर्न वाजवायचा तो फक्त धोका असेल तेव्हा. म्हणजे मागून येणारा सायकलवाला काही बोलणार नाही, तुम्हालाच मान वळवून त्याला शोधायचंय. उजवीकडे वळताना तर हमखास, कारण सायकलींची पट्टी तुमच्या उजव्या दाराला लागून असते आणि सरळ जाणाऱ्या सायकलचा हक्क तुमच्या आधी. आरशात पाहिलं तरी तो कोपरा आंधळाच राहतो. परीक्षक मागच्या सीटवर बसलेला असतो, त्याला तुमचे डोळे दिसत नाहीत, मान दिसते. तेव्हा मान दिसेल अशी वळवा, थोडं नाटक वाटलं तरी चालेल.

मी हे शहाणपण घरात बसून सांगत नाहीये. एकेकाळी दोन वर्षं इंग्लंडात होते. तिथे तर आपल्यासारखीच डावी बाजू, उजव्या हाताला बसायचं, मला वाटलं आपलंच गाव. परीक्षेत एका मोठ्या गोल चौकाशी, राउंडअबाउटशी, येऊन थांबले. आपण पुणेकर उद्धट म्हणून बदनाम, म्हणून त्या दिवशी सभ्य व्हायचं ठरवलं होतं. उजवीकडून गाडी आली, जाऊ दिली. दुसरी दिसली लांबवर, तीही जाऊ दिली. तिसरी यायची वाट पाहिली. मागे रांग लागली आणि कोणी हॉर्नसुद्धा वाजवेना! कागदावर शेरा आला: विनाकारण थांबणे. घरी येऊन पोहे केले आणि रडले, ह्याच क्रमाने. पुढे समजलं की मी नियम पाळत नव्हते, नुसती घाबरले होते. तुमची चूक बरोबर उलटी आहे, पण खाली मूळ एकच: रस्त्यावरच्या दुसऱ्या माणसाकडून काय अपेक्षा करायची हेच माहीत नसणं.

एक आकडा सांगते, औषध म्हणून घ्या. जर्मनीत मोटारीच्या प्रत्यक्ष परीक्षा होतात त्यांतल्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त नापासात जातात. तिथेच जन्मलेली, जर्मनच बोलणारी, शाळेपासून सायकलचे नियम शिकलेली पोरंही असतात त्यांत. तुम्ही त्यांच्या रांगेत आहात, वेगळ्या बाकावर नाही.

आता पर्याय. मैत्रिणीचा आधी निकालात काढते, कारण त्यात तोलून बघण्यासारखं काहीच नाही.

इंटरनॅशनल परमिट म्हणजे तुमच्या भारतीय लायसन्सचा भाषांतर केलेला सोबती. आरटीओत हजार रुपये भरून मिळतं, मुदत एक वर्ष. त्या 'एक वर्ष' शब्दांनीच घोळ होतो. परमिट वर्षभराचं असलं तरी जर्मनीत राहायला आल्यापासून सहा महिन्यांनी तिथे मूळ भारतीय लायसन्सच निरुपयोगी होतं, आणि आधार गेल्यावर भाषांतराला काय अर्थ? नवीन परमिट आणलं म्हणून सहा महिने पुन्हा पहिल्यापासून मोजले जात नाहीत. मुदतीनंतर चालवणं हा तिथे पावती फाडून सुटण्यातला प्रकार नाही, फौजदारी गुन्हा आहे, विनापरवाना वाहन चालवण्याचा. दंड किंवा एक वर्षापर्यंत कैद. आणि गाडी ज्याच्या नावावर आहे त्याने जाणूनबुजून चालवायला दिली तर तोही आरोपी. म्हणजे मिस्टर एखाद्या रविवारी लाडाने 'चालव गं थोडी' म्हणाले तर दोघंही अडकाल. वर अपघात झालाच तर विमा कंपनी पैसे वसूल करायला तुमच्या दारात. 'कोण बघतंय' हे वाक्य लक्ष्मी रोडवरच सोडून या.

नाद सोडण्याचा पर्याय मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. गाडीशिवाय जगणं तिथे कमीपणाचं नाही, आपल्याकडे तसं वाटतं इतकंच. २०२३ पासून सगळ्या देशातल्या शहरी बस, ट्राम आणि साध्या रेल्वेगाड्यांना चालणारा एक मासिक पास निघाला, सुरुवातीला ४९ युरोचा, पुढे वाढत गेला. परीक्षेच्या फीत आणि शिकवणीच्या तासांत जे जातंय, त्यात असे पुष्कळ महिने निघतील. तुम्ही मला लिहिलं असतंत की 'मला गाडी चालवायचा कंटाळा आलाय, बावीस वर्षं सगळ्यांना सोडणं-आणणं केलं, आता बसमध्ये खिडकीशी बसून जायचंय', तर मी म्हटलं असतं, बसा खुशाल, वर आशीर्वाद.

पण तसं तुम्ही लिहिलेलं नाही. तुम्ही लिहिलंय की रविवारी गावातून बस दोन-दोन तासांनी असते, लेकीचा बॅडमिंटनचा सराव पलीकडच्या गावात, आणि भाजीला जायचं तरी नवऱ्याच्या मीटिंगा संपायची वाट बघायची. म्हणजे तुम्हाला गाडी नकोय असं नाही, तुम्हाला विचारायला लागणं नकोय. सासूबाईंचं वाक्य म्हणूनच झोंबलं. त्या प्रेमाने म्हणाल्या असतील. त्यांच्या आयुष्यात 'तो आहे ना सोडायला' हे सुख होतं. तुमच्या आयुष्यात कॉलेजला असल्यापासून तोंडाला स्कार्फ बांधून स्कूटीला किक मारणं हे सुख होतं. ही दोन सुखं एकमेकींना कळणार नाहीत, आणि व्हिडिओ कॉलवर तर नाहीच नाही. वाद घालू नका, 'बघू' म्हणा आणि तारीख घ्या.

हो, तारीख. पत्रात तुम्ही तिचा हिशेब केलेला दिसत नाही, म्हणून ठळक सांगते. जर्मनीत लेखी परीक्षा पास झाल्यापासून बारा महिन्यांत प्रत्यक्ष परीक्षा पास व्हावी लागते, नाहीतर लेखी पुन्हा द्यायची. तुमचे आठ गेले, चार उरले. एकदा नापास झाल्यावर पुन्हा बसायला साधारण दोन आठवड्यांचं अंतर ठेवतात, शिवाय परीक्षकाची तारीख मिळायला वेळ जातो तो वेगळाच. तेव्हा विचार करायला चार महिने आहेत असं समजू नका. डिसेंबरची पुण्याची तिकिटं काढण्याआधी फोन करा.

तयारीबद्दल मला जे वाटतं ते असं. नुसते तास वाढवून काही होणार नाही. तुम्हाला गाडी शिकायची नाहीये, आणि भारतीय लायसन्स असलेल्याला तिथे ठरावीक तासांची सक्तीही नसते, फक्त परीक्षा ही गाडी शिकवणाऱ्या संस्थेच्याच गाडीत आणि शिक्षकाला शेजारी बसवूनच द्यावी लागते. म्हणून त्या मुलाला सांगा, मला शिकवू नकोस, माझी परीक्षा घे. पूर्ण पंचावन्न मिनिटं, कारण खरी परीक्षा तेवढीच असते, तोंडाने एक शब्द न बोलता, मागे कोणी बसलंय असं समजून. शेवटी चुका सांग. असे दोन फेरे, पहिल्या फेरीतल्या चुकांवर दोन-तीन तास, मग परीक्षा. आणि तो मुलगा ऐकण्यातला नसेल तर शिक्षक बदला. संस्थाही बदलता येते. इथे आपण गुरू बदलताना उगाच संकोचतो.

त्याच्या वयाबद्दल मात्र पुन्हा विचार करा. सव्वीस वर्षांचा पोरगा आपल्याला ओरडतो हे लागतं, मान्य. पण तो ओरडतो जर्मनमध्ये, आणि परक्या भाषेतलं साधं बोलणंसुद्धा आपल्याला हुकूम वाटतं. शिवाय त्याच्या पायाखाली ब्रेक आहे आणि परीक्षेत तो त्याने दाबला की तुम्ही नापास, त्यामुळे घाबरलेला तोही असतो. त्याला एकदा कॉफी प्यायला थांबवून पुण्याच्या एखाद्या चौकाचा व्हिडिओ दाखवा, संध्याकाळी सहाचा. मला वाटतं, नंतर तो जरा वेगळ्या नजरेने बघेल तुमच्याकडे.

खरी तयारी फुकटात होते, आणि ती त्याच उजव्या सीटवर. पुढचा महिनाभर मिस्टर चालवत असताना प्रत्येक पाटी नसलेल्या चौकाच्या आधी मोठ्याने बोलायचं: 'उजवीकडे कोणी नाही, आपण जातोय.' 'उजवीकडून निळी गाडी, आपण थांबतोय.' 'पिवळा चौकोन उभा, मुख्य रस्त्यावर आहोत, आपला हक्क.' 'सायकल, दीड मीटर.' (गावात सायकलला ओलांडताना किमान दीड मीटर अंतर ठेवायचं हा तिथला नियम, गावाबाहेर दोन.) मराठीतच बोला, मेंदूला जी भाषा पटकन कळते तीत. पहिल्या दिवशी मिस्टर वैतागतील, लेक कानात काहीतरी घालून बसेल. आठव्या दिवशी तुम्ही बोलायच्या आधी तुमचा पाय रिकाम्या जागेत ब्रेक दाबायला लागेल. तेच हवंय.

परीक्षकाच्या सूचना मात्र जर्मनमध्ये येतात. लेखी परीक्षा इंग्रजीसह बारा परकीय भाषांत देता येते, म्हणून आपली माणसं ती इंग्रजीत देऊन मोकळी होतात आणि मग गाडीत 'लिंक्स' ऐकू आलं की डोक्यात आधी भाषांतर करतात, तेवढ्यात वळण मागे पडतं. घरात आठवडाभर सगळ्यांनी डावं-उजवं जर्मनमध्ये म्हणायचं. 'मीठ कुठंय?' 'रेख्ट्स, डब्यामागे.' एक लक्षात ठेवा, परीक्षक काहीच बोलला नाही तर सरळ जायचं. आणि चुकून डावीऐवजी उजवीकडे वळलात, पण नीट बघून, इशारा देऊन वळलात, तर त्यावरून नापास करत नाहीत. वळण चुकलं म्हणून घाबरून मध्येच गाडी मुरडलीत तर करतात.

गियरचा विचार करा. तुमच्या पत्रात एक ओळ आहे, 'अजून डावा हात गियर शोधत दारावर आपटतो.' तिथे आपण बसतो डावीकडे, गियर उजव्या हाताला. तो हात सुधारायला वेळ लागतो आणि त्या वेळात चौक निघून जातो. ऑटोमॅटिक गाडीत परीक्षा दिलीत तर हे एक ओझं उतरतं. तोटा असा की अशा लायसन्सवर ऑटोमॅटिकच चालवता येते, गियरची गाडी हवी असेल तर पुढे वेगळं काही करावं लागतं, त्याची चौकशी संस्थेतच करा. घरची गाडी कुठली आहे हे तुम्ही लिहिलेलं नाही. ती ऑटोमॅटिक असेल तर हट्ट सोडा. बावीस वर्षं गियर टाकलेत, कुणाला सिद्ध करून दाखवायचंय?

नवऱ्याला शेजारी बसवून रस्त्यावर सराव करायचा मोह होईल. चालणार नाही, तो वर सांगितलेलाच गुन्हा. पण बऱ्याच ठिकाणी सरावासाठी बंदिस्त मैदानं असतात, थोडी फी घेऊन आत लायसन्सवाल्याला शेजारी बसवून चालवू देतात. तुमच्या जवळ असेल तर एक शनिवार तिथे घालवा, गाडी लावण्यासाठी आणि त्या हट्टी डाव्या हातासाठी.

हे झालं तुमचं. पण हे सदर वाचून पुण्याहून निघायच्या तयारीत असलेले इतरही असतील, तर त्यांच्यासाठी काही, घाईघाईत. निघण्याआधी लायसन्सची मुदत बघा, परदेशात बसून नूतनीकरण म्हणजे डोक्याला ताप, आणि मुदत संपून वर्षाहून जास्त गेलं तर इथे पुन्हा परीक्षा. जुनं पुस्तकवजा लायसन्स असेल तर त्याची नोंद सारथी पोर्टलवर आहे का ते तपासा, नसेल तर आरटीओत खेप घाला. परदेशातलं कोणीही मूळ नोंद तपासायला गेलं तर तिथेच बघणार. लायसन्स पहिल्यांदा कधी मिळालं ते दाखवणारा आरटीओचा उतारा घ्या. कॅनडात ओंटारिओला जाणाऱ्यांना तो फार उपयोगी, कारण तिथे पूर्वीच्या अनुभवाचा अधिकृत पुरावा असेल तर टप्प्याटप्प्याच्या लायसन्समधली थांबायची मुदत कमी होते. मात्र भारतीय लायसन्सवर तिथे चालवता येतं ते फक्त ६० दिवस.

इंग्लंडात मुदत बारा महिने. लेखी परीक्षेत ५० पैकी ४३ हवेत, शिवाय पडद्यावर धोका ओळखायचे १४ तुकडे, त्यात ७५ पैकी ४४. प्रत्यक्ष परीक्षेच्या तारखांना रांगा असतात, म्हणून 'अजून दहा महिने आहेत' असं म्हणणाऱ्यांनी लगेच अर्ज करावा. बारा महिने उलटले की शिकाऊ लायसन्स, 'एल'ची पाटी आणि शेजारी कोणीतरी लायसन्सवाला. अमेरिकेत राज्यागणिक वेगळं: कॅलिफोर्नियात राहायला आल्यावर दहा दिवसांत काढा म्हणतात, टेक्सासमध्ये नव्वद. ऑस्ट्रेलियात सिडनीकडे, म्हणजे न्यू साउथ वेल्समध्ये, १ जुलै २०२३ पासून तात्पुरत्या व्हिसावाल्यांनाही सहा महिन्यांत तिथलं लायसन्स घ्यावं लागतं. नात्यातल्या कुणाचं तरी 'आमच्या वेळी असं नव्हतं' हे ऐकून निर्णय घेऊ नका. त्यांच्या वेळी खरंच नव्हतं.

जर्मनीला जाणाऱ्यांनी पोचल्यापासून पहिल्या महिन्यातच अर्ज टाकावा. डोळे तपासल्याचा दाखला, प्रथमोपचाराचा दिवसभराचा वर्ग, लायसन्सचं मान्य भाषांतर, फोटो, ह्या सगळ्यात सहा महिने कसे जातात ते कळत नाही. आणि पुण्यात जर्मन शिकणाऱ्यांनो, 'माझं नाव अमुक, मला तमुक आवडतं' झालं की थोडं 'वाट द्या', 'गती कमी करा', 'पुढच्या चौकात डावीकडे' हेही शिकून घ्या.

पुन्हा तुमच्याकडे. एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, म्हणजे त्या दिवशी धक्का बसणार नाही. पास झालात की जर्मन लायसन्स हातात देताना भारतीय लायसन्स जमा करून घेतात. एमएच-१२च्या पहिल्या गाडीपासून जपलेलं ते कार्ड तिथल्या टेबलावर ठेवताना वाईट वाटेल. दोन्ही बाजूंचा फोटो काढून ठेवा, डिजिलॉकरमध्ये उतरवून ठेवा, आणि त्या दिवशी मिस्टरांना सोबत नेऊ नका. एकटीने जा, बसने. घरी आलात की गाडी काढा.

आणि परीक्षेच्या दिवशी उजवीकडे वळायचा इशारा द्यायला जाल आणि सवयीने उजव्या हाताची दांडी खाली ओढाल, तर स्वच्छ उन्हात वायपर सुरू होईल. ती दांडी तिथे डावीकडे असते, तुम्हाला माहीत आहे. शांतपणे बंद करा, मान वळवा, सायकलवाला बघा, आणि मग वळा. वायपरवरून कोणी नापास करत नाही.